नंबर

कचरू गवईंचा डावा पाय गुडघ्यात वळत नाही. चिखलीतल्या त्यांच्या गॅरेजच्या फरशीवर आधी तो पाय टेकतो, मागून कचरूभाऊ येतात.

बारा वर्षांपूर्वी चिखली-खामगाव रस्त्यावर त्यांची स्वतःची काळीपिवळी जीप होती. एका सकाळी स्टँडवर रांगेत मागून लागलेल्या एका जीपने त्यांच्या आधी शिटा भरायला घेतल्या. कचरूभाऊ पुढे गेले आणि तीनच शब्द बोलले, "माहा नंबर हाय."

त्या जीपचा मालक शेखर. त्याने सीटखालून टॉमी काढली. चाक खोलायची ती लोखंडी कांब पहिल्यांदा खांद्यावर बसली, मग तीन वेळा गुडघ्यावर. प्रवासी बघत राहिले. एका बाईने पिशवी छातीशी धरली आणि त्याच जीपमध्ये जाऊन बसली.

कचरूभाऊ दवाखान्यात असताना त्यांची जीप स्टँडवरून नाहीशी झाली. मारणाऱ्याचं नाव त्यांनी घरात कधी घेतलं नाही. घेतलं असतं तर भाऊ-पुतणे काठ्या घेऊन गेले असते आणि त्यातलं कुणीतरी परत आलं नसतं.

पुढे ते मेकॅनिक झाले. क्लच दाबता येत नव्हता म्हणून क्लचशिवाय गाडी चालवायला शिकले. इंजिनाचा आवाज ऐकायचा, तो नेमका हवा तिथे आला की गिअर सरकवायचा. शिकता शिकता दोन गिअरबॉक्स त्यांनी फोडले. तिसऱ्याने ऐकलं.

गेल्या मार्चमध्ये पुतण्या प्रसेनजित म्हणाला, "काका, बुलढाण्यात एक स्पोर्ट कार हाय. जुनी, लाल, टप नसलेली. घेऊन नवरदेवाच्या वरातीले भाड्यानं देतो म्हणतो. तुम्ही फक्त पाहून सांगा."

गाडी सुंदर होती. दोनच सीटा, लांब नाक, गोल डोळे. तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभा असलेला माणूस शेखर होता.

"अरे, कचरूभाऊ!" तो हसला. "चालता का हो आता? का अजून लंगडीच?"

प्रसेनजितने काकांकडे पाहिलं. कचरूभाऊंनी बॉनेट उघडायला सांगितलं.

"इंजन बदललेलं हाय," शेखर म्हणाला. "पेट्रोल कोणाले परवडते? जीपचं डिझेल बसवलं. क्लच जरा नाटकं करते, बाकी मख्खन."

कचरूभाऊ वाकले. इंजिनावरच्या नंबराची जागा ग्राइंडरने घासून गुळगुळीत केली होती. त्यांनी ब्लॉकच्या खालच्या अंगाला बोटं नेली. तिथे पालीच्या आकाराचा पितळी डाग होता. जीप असताना ब्लॉकला गेलेली चीर त्यांनीच खामगावला उभं राहून पितळेने भरून घेतली होती. बोट त्या पालीवर थांबलं आणि थांबूनच राहिलं.

"कोणाच्या जीपचं?"

"भंगारातलं. नाव लिहून येते काय त्याच्यावर?"

"चाल, चक्कर मारू," कचरूभाऊ म्हणाले. "प्रसेनजित, तू थांब इथंच."

त्यांनी गाडी पहिल्या गिअरात टाकली आणि तशीच चावी फिरवली. गाडीने हिसका दिला, उडी मारली, चालू झाली. बारा वर्षांनी तो आवाज त्यांच्या पायाखाली होता. क्लचला पायही न लावता त्यांनी दुसरा टाकला. शेखर म्हणाला, "वा, लंगड्या!"

रस्ता राजूर घाटात उतरू लागला. कचरूभाऊंनी गिअर दुसऱ्यातच ठेवला आणि ब्रेकवरचा पाय काढला.

"कोणाचं इंजन हाय?"

"सांगतलं ना बे, भंगार..."

उतार गाडीला ढकलत होता. इंजिन आधी गुरगुरलं, मग ओरडायला लागलं. कठड्यावरची माकडं उधळली. शेखरने चावीकडे हात टाकला. कचरूभाऊंचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. हाड वाजलं आणि शेखरच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागली. त्याने हँडब्रेक ओढला. तो नुसताच वर आला.

"कोणाचं?"

वळण आलं. मागचं चाक रस्ता सोडून खडीवर गेलं, घसरलं, परत आलं. खाली दरी होती.

"तुहं! तुह्या जीपचं हाय! थांबव!"

"आन पाय?"

"मीच मारलं! मीच फोडला पाय! थांबव ना बे!"

कचरूभाऊंनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी इंजिनाच्या आत काहीतरी तुटलं. घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला, ब्लॉक फोडून लोखंडाचा दांडा बाहेर आला, काळं तेल आणि धूर बॉनेटमधून उसळला. गाडी कठड्याला जाऊन धडकली. शेखरचं डोकं काचेवर आपटलं, काच तडकली.

सीटमागून एक टॉमी घरंगळत पुढे आली. दोघांनीही तिच्याकडे हात टाकला. ती कचरूभाऊंच्या हाती लागली.

त्यांनी ती शेखरच्या डाव्या गुडघ्यावर उगारली. शेखरने दोन्ही गुडघे छातीशी ओढून घेतले, लहान मूल घेतं तसे. कचरूभाऊंचा हात वर होता. उचकटलेल्या बॉनेटमधून त्यांना इंजिन दिसलं. ब्लॉक वरून फुटला होता. खालची पितळी पाल जशीच्या तशी होती. त्यांचं काम टिकलं होतं. बाकीचं संपलं होतं.

हात सावकाश खाली आला, पण टॉमी त्यांनी सोडली नाही.

खालून एक काळीपिवळी चढत आली. ड्रायव्हरने रक्त पाहिलं, धूर पाहिला. "एकच शीट हाय, समोर. कोण येते?"

शेखरचे दोन्ही पाय धड होते. तो आधी पोचला, कपाळावरचं रक्त पुसत त्याने दाराची कडी धरली. मागून कचरूभाऊंचा पाय रस्त्यावर घासत आला. त्यांनी टॉमी दारावर आडवी टेकवली.

"माहा नंबर हाय," ते म्हणाले.

शेखरने टॉमीकडे पाहिलं आणि कडी सोडली.

समोर बसलेल्या म्हाताऱ्याने आपली पिशवी मांडीवर घेतली, त्या न वळणाऱ्या पायाला सरळ पसरायला जागा करून दिली. जीप वर बुलढाण्याकडे निघाली.