एकशे सत्तावन्न, पॉइंट नाही

कारखान्यातल्या तपासणी खोलीत त्याला सगळे ‘पॉइंट’ म्हणत. तयार झालेले दांडे मोजून पास किंवा नापास करणं हे त्याचं काम. कुणी कॅल्क्युलेटरवर सरासरी काढून पॉइंटनंतर सहा-सहा आकडे लिहून आणले, की तो कागद परत सरकवायचा. “तुझ्या मापाला पॉइंटनंतर दोनच दिसतात. मग पुढचे चार काय घरून आणलेस?”

आणि हाच माणूस आठवडाभर घरी मुलीला दाराशेजारच्या भिंतीला उभं करत होता. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. उंचीची अट एकशे सत्तावन्न सेंटिमीटर. पहिल्यांदा भरली एकशे छप्पन्न पॉइंट नऊ. मग पॉइंट आठ. मग एकशे सत्तावन्न पॉइंट एक. तिन्हींची सरासरी त्याने काढली आणि कॅल्क्युलेटरवर आलेल्या १५६.९३३३३३ कडे बघून पुन्हा टेप उचलली.

“बाबा, टेपवर मिलिमीटरच्या खुणा आहेत. हे तीन-तीन-तीन आले कुठून?” मुलगी म्हणाली.

कळत होतं त्यालाही. पण जिवाला चैन नव्हती. तो भरतीची जाहिरात पुन्हा काढून बघायचा. तिथे १५७ लिहिलं होतं, १५७.० नव्हे. कारखान्यात दांड्यांच्या आराखड्यावर या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. शून्य लिहिलं म्हणजे मिलिमीटरपर्यंत मोजायचं. नाही लिहिलं, तर पूर्ण सेंटिमीटर बघायचा. एवढं मनाशी ठरवून तो टेप ठेवून द्यायचा आणि तासाभराने पुन्हा शोधायला उठायचा.

“अहो, तिला सुखानं जेवू तरी द्या,” बायको वैतागली. “घास तोंडात घेऊन उभी राहते पोरगी.”

दिवसभरात माणूस थोडा दबतो, सकाळी उंच भरतो, हे त्याने कुठूनतरी ऐकलेलं. चाचणीच्या दिवशी निघायची वेळ होईपर्यंत तो मुलीला अंथरुणातून उठू देईना. ती चिडली. बसमध्ये जागा असूनही मुद्दाम उभी राहिली, खिडकीबाहेर बघत.

मैदानावर पालकांना कुंपणाबाहेर थांबवलं होतं. आत लाकडी खांब, त्यावर सरकती पट्टी आणि जाड रेघा, फक्त पूर्ण सेंटिमीटरच्या. मोजणाऱ्या बाई घाईत होत्या. काही मुलींना समोरून बघत, काहींना बाजूने. त्याचे हात शिवशिवायला लागले. मुलगी खांबाखाली उभी राहिली. “एकशे सत्तावन्न,” बाई म्हणाल्या आणि ती पुढे गेली.

त्याने श्वास सोडला. तेवढ्यात शेजारची एक बाई कुंपणाची जाळी धरून मटकन खाली बसली. तिची मुलगी बाहेर येत होती. आई त्याला म्हणाली, “एकशे छप्पन्न म्हणाले. आमच्या डॉक्टरांनी तर सत्तावन्न सांगितलं होतं.”

त्याने मान वळवली. दोन पावलं लांब गेला. परत आला. पुन्हा मोजायला लावलं, तर मोजणाऱ्या बाई बारीक खुणांची पट्टी काढणार, मग काठावरच्या सगळ्याच मुली पुन्हा उभ्या राहणार. त्यात आपलीही.

“डोळा तिरका पडला की माप चुकतं,” तो शेवटी म्हणाला. “पुन्हा मोजायला सांगा. चला, मी येतो.”

मोजणाऱ्या बाई त्रासल्या, पण त्यांनी दुसरी पट्टी मागवली आणि काठावरच्या मुलींना बोलावलं. त्याची मुलगी रांगेतून त्याच्याकडे बघत राहिली. त्याला तिच्या नजरेला नजर देता येईना.

त्या मुलीची उंची एकशे छप्पन्न पॉइंट दोन भरली, त्याच्या मुलीची पॉइंट आठ. बाईंनी नियम वाचून दाखवला. उंची पूर्ण सेंटिमीटरमध्येच धरायची. अर्धा किंवा जास्त असेल, तर पुढचा आकडा. म्हणजे जाड रेघांनी सांगितलं, तेच बारीक रेघांनी सांगितलं. ती बाहेर, ही आत.

संध्याकाळी मुलगी धावण्यातही पास होऊन आली. दोघं बसथांब्याकडे निघाले.

“माझी पॉइंट चार भरली असती तर?” तिने विचारलं.

“तर तू बाहेर.”

“तरी गेलात तुम्ही.”

“माप तिरकं घेतलेलं दिसत होतं गं.”

“आणि तिला उगाच पुन्हा उभं केलंत. एकदा रडली होती, दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर रडली.”

बस आली. मुलगी आत जाऊन बसली आणि शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली. तो मात्र दांडी धरून उभाच राहिला. त्या दुसऱ्या मुलीचे पॉइंट दोन म्हणजे दोनच होते का, वाचताना बाईंचा डोळा पट्टीसमोर होता की तिरका, हे त्याला काही केल्या आठवेना.