सातच्या फोनचा रकाना

शोधपत्रकारितेच्या अनुदानाचा अर्ज मी आठवडाभर बसून भरला. चाकणच्या कारखान्यांत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर बोटं गमावलेले कंत्राटी कामगार, हा माझा विषय. दैनिकातली नोकरी सुटल्यापासून एवढं मोठं काम पहिल्यांदाच समोर आलं होतं. सगळं भरून झालं आणि एका रकान्यापाशी गाडी अडली. काम चालू असताना रोज संध्याकाळी सातला तुम्ही सुखरूप असल्याचं कुणाला कळवाल? ते नाव नसेल तर अर्ज बाद.

दुसऱ्यांची माहिती खणून काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि स्वतःसाठी एक नाव सापडेना! भावाला सांगितलं असतं तर त्याने आधी कामच सोडायला लावलं असतं. दैनिकातला जुना मित्र म्हणाला, "मला नको गं त्यात ओढूस." दिघीत अकरा वर्षं राहून ही माझी कमाई. लाज वाटली मला.

शेवटी खाली राहणाऱ्या घरमालकीण मावशींचं नाव लिहिलं. भाडं देण्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

"रोज सातला फोन करीन, तेवढा उचला," मी म्हटलं.

"व्हय, उचलीन की."

अनुदान मिळालं. पाच महिने मी चाकणजवळच्या महाळुंग्यातल्या कामगारांच्या खोल्यांमधून फिरले. बोटं तुटलेला हात खिशात ठेवूनच ती माणसं बोलायची. सात वाजले की मी बाहेर येऊन फोन लावायची. पण मावशी "सुखरूप आहे" एवढ्यावर सोडतील तर शपथ.

"कुठं हायस? जेवलीस का? ट्रकांच्या मधनं गाडी घालू नगंस."

मला वैताग यायचा. हो हो म्हणून मी फोन ठेवायची.

वृत्तांत छापून आला. मावशींना पेढे दिले आणि म्हटलं, "काम संपलं. आता फोनचा त्रास नाही तुम्हाला."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजले तेव्हा मी घरातच होते. वृत्तांत वाचून कितीतरी जणांनी मोबाइलवर अंगठे पाठवले होते. मी जेवले का, हे त्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. सव्वासात झाले. इतकं एकटं मला महाळुंग्यातही वाटलं नव्हतं. मी नंबर लावला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"कुठं हायस?"

"वरच. घरी."

"मग उशीर का केलास गं? सातपास्नं फोन हातात धरून बसलीया मी."