गोल तुडवलेला वाफा

माझी शाळा चौथीला सुटली. गोव्यातल्या आमच्या गावात देवळाच्या मंडपात मराठी शाळा भरायची, ती तेवढीच. पुढं शिकायचं तर शहरात जायचं आणि फिरंग्यांच्या भाषेत शिकायचं. मुलीला एवढ्यासाठी कोण पाठवतो? मी घरी राहिले, भावंडं सांभाळली, काजूच्या बिया भाजून बोटं काळी करून घेतली. आणि एक दिवस मुंबईच्या बोटीवर काम करणाऱ्या मामानं बातमी आणली, की तिकडे कुलाबा जिल्ह्यात धरमतरच्या खाडीकाठी एक बाई मोठ्या मुलींना सातवीच्या परीक्षेला बसवतात. सातवी झालेली मुलगी शाळेत शिकवू शकते.

त्या वेळी गोवा दुसऱ्याच देशात होता. सरहद्दीवर कागद दाखवून इकडे येता येई, पण एकदा परत गेलेलं माणूस पुन्हा येऊ देतील याची खात्री कुणीच देत नसे. आई म्हणाली, "गेलीस तर शिकूनच ये गो. अर्धवट येऊ नकोस." हे वाक्य मी पेटीत घडी घालून आणल्यासारखं बरोबर आणलं. मी जात्याच भित्री. दाराची कडी लावली की नाही हे दोनदा उठून बघणारी. माझ्यासारख्याच आणखी दोघी गोव्याहून आल्या होत्या. एक माझ्याहून मोठी, नवऱ्यानं टाकलेली. एक धाकटी, सारखी हसणारी. आम्ही तिघी बाईंच्या पडवीत राहायचो, आपला भात आपण शिजवायचो. बाईंनी जागा दिली, शिकवण्याचं काही घेतलं नाही. पोटाचं मात्र आमचं आम्हाला बघायचं होतं.

म्हणून सकाळी मिठागर आणि दुपारी वर्ग. मिठागरात आमचं काम अर्ध्या दिवसाचं. पाट्या भरायच्या, बांधावरून वाहायच्या, राशीवर ओतायच्या. तळपायांच्या भेगांत मीठ गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं. दुपारी त्याच पायांवर बसून त्रैराशिक सोडवायचं. बाई म्हणायच्या, "रडताय कशाला, गणित एवढं काही कठीण नाही." आम्ही म्हणायचो, "गणित नव्हे बाई, पाय."

हे सगळं सुरू झालं ते वाफे तुडवण्यापासून. पाऊस सरला की मिठागरातले वाफे चिखलानं भरलेले असतात. त्यात पाणी घेण्याआधी तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर मीठ मातीत मिसळतं. आम्ही नव्यानंच आलो होतो. संध्याकाळी बांधावर उभ्या राहून बघत होतो, आणि त्या चिखलाच्या वासानं मला घराची अशी आठवण आली की बस. आमच्या गावीही मिठाचं आगर होतं. मी धाकटीला म्हटलं, "उतरूया?" तिनं लुगडं खोचलंच. बायांची मुकादमीण होती, तिला सगळ्या मोठी आय म्हणत. पान खाऊन लाल झालेलं तोंड, आवाज खाडीपलीकडे पोचेल असा. ती म्हणाली, "उतरा गो पोरींनो. बांधाकडचा तो वाफा रिकामाच हाय."

आम्ही उतरलो आणि आमच्या गावच्या रीतीनं तुडवू लागलो. आमच्याकडे वाफे लहान. बाया हातांत हात धरून गोल फिरतात, फुगडीसारख्या, मधूनमधून गाणं म्हणत. आम्हाला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. इकडचे वाफे लांबलचक. इथं बाया खांद्याला खांदा लावून ओळीनं एका बांधाकडून दुसऱ्या बांधाकडे चालत जातात, पावलाला पाऊल जोडून. आम्ही तीन संध्याकाळी तो अख्खा वाफा फुगड्या घालून तुडवला आणि मोठ्या अभिमानानं बांधावर चढलो. मोठी आय पदर तोंडाला लावून उभी होती, ती खोकतेय असं मला वाटलं.

पाणी घेतलं तेव्हा उलगडा झाला. वाफा मध्ये खोलगट, कोपऱ्यांना उंच. ताटलीच म्हणा ना. मीठ मधोमध धरलं आणि चारी कोपरे उघडे पडले. त्या दिवसापासून सबंध हंगाम आमची थट्टा. "ए गोयंकारनी, तुमच्या ताटलीत आमटी वाढू का?" "या वर्षी वाफा तुडवायला बँड लावा गो." आणि हिशेब बघणारे मेहताजी तर रोज सकाळी त्या वाफ्यापाशी थांबून कपाळाला हात लावत. "आ शुं छे? माझा वाफा की फुगडीचं अंगण?" मी रोज लांबच्या बांधावरून फिरून जायची, त्यांची गाठ पडू नये म्हणून.

मग वैशाखातल्या अवसेला उधाणाचं पाणी चढलं आणि खाडीकडच्या बांधाला खांड पडली. सकाळी बघतो तर अर्धं मिठागर पाण्याखाली, राशी विरघळून बसलेल्या. मेहताजींनी हंगाम आवरता घेतला. पहिल्यांदा कमी केल्या त्या अर्ध्या दिवसाच्या बाया, म्हणजे आम्ही तिघी. परीक्षा पाऊस संपल्यावर होती. पावसात मांडव्याच्या लाँची बंद, रस्त्यांवर चिखल, गावात कुणाकडे काम नाही. खायलाच नसेल तर बाईंच्या पडवीत बसून काय करणार? पाऊस सुरू होण्याआधी परत गोव्याला जायचं, एवढंच हातात होतं. आणि गेलो की सातवी गेली. आईचं वाक्य मला झोपू देईना.

मिठागरात एक रीत होती. पावसाळ्यात काम बंद पडलं की बायांना आगोट मिळे. आगोट म्हणजे खरं तर पावसाळ्याचं तोंड, पण तिथं त्या वेळच्या बेगमीलाच आगोट म्हणत: पावसाळा निघेल एवढं भात, सुके बोंबील, जवळा आणि मीठ. काम नसताना मालकानं बायांना जगवायचं, कारण पाऊस सरल्यावर त्याच बाया पुन्हा हव्या असतात. मी धीर करून मेहताजींकडे गेले. धीर कसला, दोघींच्या मागं उभी राहिले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अर्धा दिवस काम करणाऱ्यांना आगोट नाही. तुम्ही शिकायला आलेल्या. आणि वर परक्या राज्यातल्या. तुमची आगोट तुमच्या फिरंग्याकडे मागा."

धाकटी पहिल्यांदाच हसायची थांबली.

बाईंना सांगितलं तर त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मोठ्या आयला विचारलंत का?" मी म्हटलं, "तिला कशाला? ती तर वर्षभर आम्हाला हसतेय." बाई म्हणाल्या, "तोंड दिलंय ते नुसते पाढे म्हणायला का? जा."

मोठी आय घरामागं कालवं फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेहता काय सांगतोय अर्धा न् सबंध! आगोट कामावर न्हाय मिळत. जिनं वाफा तुडवला तिला मिळते. मीठ मागनं कोनी का वाहीना. पाय ज्याचा, वाफा त्याचा. माझ्या सासूपासनं हीच रीत हाय."

"पण आय, आम्ही तर तो बिघडवला."

"तुडवला का न्हाय?"

"तुडवला."

"मंग वाटपाला ये. मेहता वाफे पुकारील, 'हा वाफा कोनाचा?' म्हनून. तवा पुढं व्हायचं आनि म्हनायचं, वाफा माझा. बाकीच्या व्हय म्हनतील. पन पयलं तू म्हनायचं. दुसरीनं म्हनून चालत न्हाय. मी जरी म्हटलं ना, तरी तो धरनार न्हाय." मग माझ्याकडे बघून, "असा उंदरासारखा आवाज काढू नको हां. वखारीत लोक रग्गड असतात."

मी घरी येताना वाटेभर ते दोन शब्द घोकत होते. परीक्षेच्या कवितेसारखे.

वाटपाचा दिवस आला. मिठाच्या वखारीसमोर बाया ओळीनं बसल्या होत्या. त्या वर्षी मिठागराचे मालक शिलोत्री स्वतः आले होते, खांड बघायला. आरामखुर्चीत छत्रीखाली बसले होते. मेहताजी उभं राहून पुकारू लागले. "पिंपळाखालचा वाफा कोणाचा?" दोघी पुढं झाल्या, "आमचा." मागून सगळ्या, "व्हय." भात मापून पदरात पडलं. असं चाललं होतं. एकेक वाफा पुढं सरकत होता आणि मी ते दोन शब्द पुन्हा घोकत होते. आमच्यातली मोठी माझा दंड धरून बसली होती. तिच्या बोटांचे वळ उठले असतील.

बांधाकडचा वाफा आला तसे मेहताजी माप बाजूला ठेवून म्हणाले, "झालं. संपलं."

मोठी आय बसल्या जागेवरून म्हणाली, "बांधाकडचा राहिला की."

"तो कुणाचाच नाही."

"बरा, बरा. कोनाचा न्हाय तर न्हाय." तिनं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "पन मेहताजी, मालक आलेत म्हनून इचारते. यंदा त्या वाफ्याच्या कोपऱ्यांना मीठ का धरला न्हाय?"

झालं. मेहताजींच्या मनातलं वर्षभराचं दुखणं नेमकं तेच. "का म्हणजे? या बघा, या तीन बसल्यात ना, यांनी त्यात फुगड्या घातल्या! वाफा सरळ तुडवायचा असतो की गरगर फिरून? तीन दिवस फिरत होत्या! मी स्वतः बांधावरून बघितलं, मालक, या डोळ्यांनी!"

"कोनी घातल्या म्हनता?"

"यांनीच! या तिघींनी!"

"नीट बघा हां. दुसऱ्या कोनी नसतील?"

"अरे, मी सांगतो ना! याच!"

पहिल्यांदा एक म्हातारी फिसकन हसली. मग तिच्या शेजारची. मग सबंध ओळ. मेहताजींचा हात हवेत तसाच राहिला. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळायच्या आधी आम्हाला कळलं. मोठी आय मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. सगळ्याच बघू लागल्या आणि हसू विरत गेलं.

मी उठले. जो वाफा टाळायला वर्षभर लांबची वाट धरली, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "वाफा आमचा."

आवाज उंदरासारखा नव्हता. खाडीपलीकडे गेला की नाही ठाऊक नाही, पण छत्रीखाली नक्की पोचला.

"व्हय!" साऱ्या बाया म्हणाल्या. असा 'व्हय' त्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता.

मेहताजी अजून धडपडत होते. "पण मालक, अर्धा दिवस काम..."

"चिखल अर्धाच तुडवला का?" मोठी आय म्हणाली.

"आणि परक्या राज्यातल्या..."

"मीठ काय फिरंगी चवीचा झाला? मुंबईच्या लोकांनी खाल्लाच ना गपगुमान!"

शिलोत्री इतका वेळ धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते. पुसत कसले, हसू लपवत होते. ते म्हणाले, "मेहताजी, साक्ष तुम्हीच दिलीत. आता माप भरा. तिघींचं. आणि शीग लावून, मापावर रास चढेल असं भरा." मेहताजींनी भरलं. माझ्या पदरात भात पडत होतं तेव्हा हळूच पुटपुटले, "पुढच्या वर्षी सरळ तुडव गं बाई." मी म्हटलं, "हो मेहताजी." त्या क्षणी मला त्यांचाही राग आला नाही. उलट त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ते गप्प राहिले असते तर?

भात पोत्यांत भरून, ती डोक्यावर घेऊन आम्ही बांधावरून आलो. धाकटी पुढं, ती पुन्हा हसायला लागली होती. बाई दारात उभ्या. त्यांनी पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "हातपाय धुवा. अपूर्णांक राहिलेत."

तो पावसाळा आम्ही अपूर्णांक, सनावळ्या आणि सुक्या बोंबलांवर काढला. पडवीत भात सडताना एकीनं मुसळ मारायचं, दुसरीनं कविता म्हणायची, तिसरीनं चुका काढायच्या. अजूनही काही कविता मला मुसळाच्या ठेक्याशिवाय आठवत नाहीत. मधूनमधून कुणाच्या तरी हातून माशाचं कालवण यायचं, मोठ्या आयनं पाठवलेलं. वर निरोप, "गोयंकारनींना सांगा, ताटलीत वाढलाय."

पाऊस सरला, परीक्षा झाली. निकाल आला तेव्हा मी कडी नीट लागली आहे की नाही ते बघत होते. बाईंनी तिघींची नावं वाचली. तिन्ही पास. मोठी तर वर्गात पहिली. मला याच जिल्ह्यातल्या शाळेत नोकरी लागली, आणि पुढं गोवा आपला झाला, येणंजाणं मोकळं झालं, तरी मी इथलीच राहिले. पण ते नंतरचं.

निकालानंतरच्या संध्याकाळी मिठागरात वाफे तुडवायला सुरुवात झाली होती. आता काही गरज नव्हती, तरी आम्ही गेलो. मोठ्या आयनं आम्हाला ओळीत मधोमध घेतलं, खांद्याला खांदा. "पाऊल बघा माझा. असा." आम्ही सबंध वाफा, तोच बांधाकडचा, सरळ तुडवून काढला. कोपरे बसले, मध्यभाग वर आला. मेहताजी बांधावर उभे राहून मान डोलवत होते.

शेवटच्या टोकाला आल्यावर मोठी आय थांबली. पाठीवर हात ठेवून कंबर सरळ केली आणि म्हणाली, "ए मास्तरनी, तुमची ती फुगडी कशी ती दाखव की एकदा. वरीसभर नुसती हसलोच आमी."

मी धाकटीचा हात धरला, धाकटीनं मोठीचा, मोठीनं मोठ्या आयचा. मग कुणी कुणाचा धरला ते कळलंच नाही. चिखल उडत होता, बाया ओरडत होत्या, आणि बांधावरून मेहताजी दोन्ही हात वर करून बोंबलत होते, "सरळ! अगं सरळ!"