आधी अर्थ सांग

"आधी अर्थ सांग," मालक म्हणाले.

मी केबिनच्या दारात उभा होतो. "मालक, बदनापूरहून फोन आल्ता. आईची तब्येत लई बिघडलीय. जाऊ द्या."

त्यांनी नुसतं बोट वर केलं. भिंतीवर पांढरा फळा. आमच्या बियाणे कंपनीत रोज सकाळी त्यावर एक इंग्रजी वाक्प्रचार लिहिला जाई. रजा हवी असेल त्यानं अर्थ सांगायचा. आला नाही, तर रजा नाही. आम्ही पॅकिंगवाले सगळे खेड्यांतले, मराठी शाळेतले.

त्या दिवशी लिहिलं होतं : अंडर द वेदर.

"हवेच्या खाली," मी म्हणालो.

अख्खं ऑफिस हसलं.

"अरे, म्हणजे तब्येत बरी नसणं," मालक म्हणाले. "हेच सांगायला आलास ना? आता उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी रजा मिळाली, बदनापूरला पोचलो. आईची वाचा गेली होती. डोळे माझ्याकडे. तोंडातून शब्द नाही.

मी पेटून उठायला हवं होतं. मी पाठांतर केलं. येता-जाता, गाडीत उभ्या उभ्या. पीस ऑफ केक म्हणजे अगदी सोपं काम. स्पिल द बीन्स म्हणजे गुपित फोडणं. मालक खूश झाले. मला सुपरवायझर केलं आणि फळ्याचं पेन माझ्या हाती दिलं.

मग एक दिवस पॅकिंगमधला गुलाब आला. "भाऊ, पोरीचा ताप उतरून न्हाई राह्यला. जाऊ द्या जल्दी."

"आधी अर्थ सांग," मी म्हणालो. माझ्याच तोंडानं.

गुलाबनं फळ्याकडे पाहिलंही नाही. "भाऊ, ताप तिला मराठीत आलाय," म्हणाला. एप्रन काढून टेबलावर ठेवला आणि गेला. परत आला नाही.

मी राहिलो. निवृत्त होईपर्यंत.

परवा कंपनीत माझा सत्कार होता. इंग्रजीनं घडवलेला माणूस म्हणून. माझा मुलगा तिथंच नोकरीला आहे. रजेसाठी तोही त्याच फळ्यासमोर उभा राहतो. निघताना म्हणाला, "अण्णा, दोन गोड शब्द बोला अन् खाली उतरा. मला तिथंच दिवस काढायचेत."

शाल खांद्यावर पडली. माइक हातात आला. समोर मुलगा, मान खाली घालून. तरी बोललो. आईचं सांगितलं. गुलाबचं सांगितलं.

"मालकांनी मला इंग्रजी न्हाई शिकवली. आपल्याच माणसाला अडवायला शिकवलं. अन् मी ते बराबर शिकलो."

कुणी हसलं नाही. माइक काढून घेतला.

तेव्हापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही. त्याची नोकरी जाईलही. मला ते कळतं.

गुलाब मस्तगडला राहतो. उद्या त्याच्या दारात जाणार आहे. त्यानं दार उघडलं नाही, तर बाहेरूनच सांगेन, माझं चुकलं. आणि परवापासून कंपनीच्या फाटकासमोर बसणार आहे. तो फळा उतरेपर्यंत. आत जाणाऱ्या प्रत्येकाला एवढंच म्हणणार आहे : रजा मागा. अर्थ सांगू नका.