नवरदेव, लाल गाडी आणि शेजारचं कार्यालय

मी घरी बनवलेल्या स्पोर्ट्स कारमधून आजवर एकच पाहुणा फिरला. तो आमचा जावई होता, आणि त्या दिवशी त्याचं लग्न होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या मागे मी ही गाडी उभी केली होती. खाली भंगारातल्या मोटारीचा सांगाडा, वर मी ठोकून वाकवलेला पत्रा. दोन सीटा, छप्पर नाही, जमिनीपासून वीतभर उंच. (शेजारी तिला बाथटब म्हणायचे. लाल रंग दिल्यावर लाल बाथटब.)

मी कारखान्यात ड्राफ्ट्समन, त्यामुळे चाकांचे कोन मीच लावणार, हे सगळ्यांना सांगून ठेवलेलं. चाकं एका रेषेत आहेत का, ते दोरा ताणून बघायचं; उभी आहेत का, ते गवंड्याच्या ओळंब्यानं. पण माणसं बसली की स्प्रिंगा दबतात आणि कोन बदलतात. म्हणून मोजताना मी बाबांना स्टिअरिंगमागे बसवलं आणि आईला शेजारी.

"हलू नका," मी खालून म्हणालो.

"अरे, गॅसवर वरण आहे."

"आई, तू बोललीस तरी दोरा हलतो."

"मग करपलं तर गुपचूप गिळ."

बाबांनी पेपरचं पान उलटलं. "ही चालणार कधी?"

चालली. अगदी सरळ. मी इतका खूश झालो, की नवरदेवाला कार्यालयात याच गाडीतून आणायचं जाहीर केलं.

"रिक्षा कर ना रे," ताई म्हणाली. "माझं एकदाच लग्न आहे."

मी ऐकलं नाही.

लग्नाच्या दिवशी भाऊजी फेटा, मुंडावळ्या सांभाळत गाडीत बसले, आणि डावी बाजू मऊ गादीसारखी खाली गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमची आई अंगानं काडी. भाऊजी तालमीत वाढलेले. मी सगळे कोन आईच्या वजनावर लावले होते.

"गाडी डावीकडे जातेय का?" भाऊजींनी विचारलं.

"थोडीशी," मी दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळत म्हणालो.

आमचं कार्यालय गल्लीच्या टोकाला. त्याच्या अलीकडे, डाव्या हाताला, दुसरं कार्यालय. तिथेही लग्न होतं आणि फाटक सताड उघडं. पुढे चालणारी आमची बँडपार्टी सरळ गेली. आम्ही आत वळलो.

आत बायका ताट घेऊन ताटकळत होत्या. एका बाईंनी धावत येऊन भाऊजींना कुंकू लावलं. "किती उशीर हो, मुहूर्त टळायची वेळ आली."

"मावशी, एक मिनिट," मी म्हणालो.

"तू गप्प रे. ड्रायव्हर ना तू?"

भाऊजी सज्जन माणूस. बाईंनी साखरेची चिमूट पुढे करताच त्यांनी तोंड उघडलं. ते मिटायच्या आत मागून घोड्यावरून खरा नवरदेव आला.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"मी शेजारच्या लग्नातला," भाऊजी साखर चघळत म्हणाले.

फाटकात कुणी हसलं. मग दोन्हीकडचं वऱ्हाड हसलं. भाऊजी उतरले आणि चालत निघाले. ती पुन्हा सुरू करायचा मला धीर नव्हता; त्यांच्या मागून मी एकटा गाडी ढकलत, मान खाली घालून. आमच्या कार्यालयाच्या फाटकात बाबा उभे होते. पाहुण्यांनी विचारलं, "हा तुमचाच ना?" बाबांनी क्षणभर विचार केला, तो मला आजही ऐकू येतो.

मंडपात ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी खांबाआड उभा राहिलो, पण भटजींनी शोधून काढलं. "नवरीचा भाऊ कुठाय? कानपिळी आहे. या, नवरदेवाचा कान पिळा."

मी पुढे गेलो. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर दोन कुंकवं होती.

मी माझाच कान पुढे केला.