हॉलमधलं स्कीइंग

वर्तमानपत्राच्या दोन घड्या पायांखाली घेऊन माझा तीन वर्षांचा निनाद हॉलच्या फरशीवर घसरत होता. त्याची सात वर्षांची ताई, इरा, त्याला शिकवत होती. "गुडघे वाकव. पुढे बघ, पायांकडे नको." तो पडायचा, हसायचा आणि पुन्हा उभा राहायचा.

जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगला जायचं आमचं चाललं होतं. तिथले शिक्षक इतक्या लहान मुलांना घेत नाहीत, म्हणून निनादला माझ्या आईकडे ठेवायचं मी आणि माझ्या नवऱ्याने, समीरने, परस्पर ठरवून टाकलं होतं. "त्याला कुठे काय आठवणार आहे," असं मीच म्हणाले होते. मुलं विसरतात, या भरवशावर आपण मोठी माणसं किती गोष्टी उरकून घेतो. पुढे त्याला आठवणार नाही, हे खरं. पण आत्ता तो जायच्या तयारीत होता.

मी इराला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हटलं, "अगं, तो येणार नाहीये. त्याला उगाच आशा लावू नकोस."

"मला माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर शिकवतेय. त्याला आधीच येत असलं, तर सरांना शिकवावं लागणार नाही. मग नेशील ना?"

मला तिच्याकडे बघवेना. मी हॉलमध्ये आले. समीर फोनवर तिकिटं बघत होता.

"चौघांची बघ," मी म्हटलं. "मी निनादबरोबर खाली बर्फात बसेन."

त्याने का म्हणून विचारलं नाही. बहुधा इराचं बोलणं त्यालाही ऐकू गेलं होतं.