शेवटच्या कडव्यातलं नाव

चि. जागृती,

तुझ्यावर लिहिणार आहे असं सांगितलं तेव्हा तू हसलीस. "बाई, मी पंचवीस वर्षांची. माझ्यावर काय लिहिणार?" मी शहात्तरची आहे. तुझी पन्नाशी होईपर्यंत थांबायला मला सवड नाही. आणि हे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी वाचणार आहेत दुसरेच. तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही यात येणार. मध्येच "हे माहितीये मला" म्हणायचं नाही.

तू जागृती सोनावळे, राहणार कर्जत, भिसेगावच्या बाजूला. स्वतः गाणी लिहितेस, स्वतः चाल लावतेस, स्वतःच म्हणतेस आणि आपल्या चॅनलवर टाकतेस. मागे कंपनी नाही, गुरू नाही, कुणी काका-मामा सिनेमात नाही. मी तुला आठवी ते दहावी गणित शिकवलं; निवृत्तीनंतरही शाळेनं मला ठेवून घेतलं होतं. गणितात तू यथातथाच होतीस. बाकावर बोटांनी ताल धरायचीस, त्यासाठी मी तुला दोनदा वर्गाबाहेर काढलं होतं. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. भूमितीच्या तासाला भूमितीच करायची असते.

बी.कॉम. झाल्यावर तू नदीकाठच्या एका रिसॉर्टात शनिवार-रविवार गायला लागलीस. मुंबईची माणसं जेवता जेवता चिठ्ठ्या पाठवायची आणि तू जुनी हिंदी गाणी म्हणायचीस. एका रविवारी तू गुपचूप स्वतःचं गाणं म्हटलंस. जेवणाऱ्यांपैकी एकानंही मान वर केली नाही, पण वाढणारी पोरं हातात ताटं घेऊन जागेवर थांबली. मॅनेजर ओरडला. रात्री भटारखान्यातल्या सगळ्यांनी ते गाणं तुझ्याकडून फोनवर मागून घेतलं. तुझ्या चॅनलचे पहिले तेवीस श्रोते ते. आज पन्नास हजारांच्या वर गेलेत, पण नवीन गाणं आलं की पहिली शेरेबाजी अजून त्या भटारखान्यातूनच येते. "ताई, मीठ बरोबर पडलंय," असं कुणीतरी लिहितं.

तुझा स्टुडिओ म्हणजे नंदाची, तुझ्या आईची, शिवणाची खोली. तिन्ही भिंतींना गिऱ्हाइकांचे ब्लाउज आणि फॉल लावलेल्या साड्या टांगलेल्या असतात, त्यामुळे आवाज घुमत नाही. खिडकीला दोन गोधड्या. मागच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाड्यांचा नेम नाही, म्हणून एका गाण्याला कधी कधी आख्खी दुपार जाते. नंदा मशीन थांबवून बसते आणि वैतागते. "बाई, तुमी सांगा हिला. लग्नसराई हाय. लोकांचे ब्लाउज काय गाण्यावर शिवू?" पण दार बंद करून, पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करण्याचं कामही तीच करते. पोस्टमनलासुद्धा तिनं एकदा तोंडावर बोट ठेवून उभं केलं होतं.

माझं काम मोजण्याचं. मला सुरातलं कळत नाही, पण ओळीत मात्रा कमी पडली तर कानाला लागते. तू कडवं पाठवतेस, मी उलट पाठवते: "तिसरी ओळ लंगडते. परत कर." तू चिडतेस आणि परत करतेस. गणित न आलेल्या मुलीनं गणिताच्या बाईंना एवढं कामाला लावावं, हे मला मनातून आवडतं. तुला सांगितलं नव्हतं इतकंच.

तुझी गाणी कुठून येतात हे लोक विचारतात. लोकांकडूनच येतात. तू ऐकणाऱ्यांना सांगून ठेवलंयस, तुमच्या कामाबद्दल बोलून पाठवा. कुवेतला क्रेन चालवणारा एक जण पाठवतो, कशेळ्याच्या पुढच्या वाडीतली जना आश्रमशाळेतल्या स्वयंपाकाबद्दल पाठवते. खालापूरच्या टोलनाक्यावर काकड्या विकणाऱ्या एका बाईनं पाठवलं तेव्हा तू दोन दिवस तिच्याबरोबर उन्हात जाऊन उभी राहिलीस. नाक सोलवटून परत आलीस आणि गाणं लिहिलंस:

काच खाली घ्या ओ दादा, काकडी घ्या गार
टोलनाक्यावर उभी मी, ऊन डोईवर फार
फास्टॅग आला बाई, गाडी काही थांबेना
काकडीचं पाणी झालं, काच खाली येईना

हे गाणं फार चाललं. ट्रकवाल्यांनी चालवलं. आणि त्याच गाण्यानं तुझा चॅनल बंद पडायची वेळ आणली. चूक तुझी होती. असली चूक दुसऱ्या कुणी केली नसती, म्हणून ती नीट सांगते.

तुझे आजोबा सखाराम सोनावळे रेल्वेत गँगमन होते. दिवसा रूळ, संध्याकाळी गायन पार्टी. जयंतीला, लग्नात, नामकरणात गाणारी, पेटी-ढोलकीची पार्टी. त्या गाण्यांची रीत अशी की रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. छापील पुस्तक नाही, रेकॉर्ड नाही, नाव राहिलं तर तेवढ्या एका जागी. सखारामदादांची गाणी चांगली होती, त्यामुळे इतर पार्ट्यांनी उचलली, आणि उचलताना शेवटच्या कडव्यातलं नाव काढून आपलं घातलं. दादा त्र्याण्णव साली गेले. तोवर तालुक्यात त्यांची गाणी सगळे म्हणत होते आणि ती त्यांची आहेत हे घरच्यांपलीकडे कुणालाच माहीत नव्हतं. तुझा बाप हे सांगताना रडायचा, असं नंदा म्हणते.

म्हणून तू लिहायला लागलीस तेव्हा मनाशी ठरवलंस, प्रत्येक गाण्याच्या शेवटी आजोबांचं नाव घालायचं. स्वतःचं कुठेच नाही. मी म्हटलं होतं, "अगं, गाणं तुझं, नाव त्यांचं? हिशेब जुळत नाही."

"बाई, त्यांचं एकदा कापलं ना. आता माझ्याच तोंडून येतंय, कोण कापणार?"

कुणी कापलं नाही. तिथेच घोळ झाला.

मागच्या वर्षी एप्रिलात तुला तीन सूचना एकदम आल्या. तुझ्या तीन गाण्यांवर, काकडीच्या गाण्यासकट, दुसऱ्या कुणाचा हक्क आहे. सात दिवसांत निकाल लागला नाही तर चॅनल बंद. म्हणजे नुसती ती तीन नाहीत, सगळी एकेचाळीस गाणी जाणार. तक्रार करणारा होता खालापूरकडच्या 'सुनील भालेराव आणि पार्टी'चे व्हिडिओ चढवणारा एक माणूस. सुनीलच्या पार्टीनं एका कार्यक्रमात तुझी तिन्ही गाणी म्हटली होती. वर लिहिलेलं: गीतकार, कालकथित सखारामदादा सोनावळे. म्हणजे गाणी जुनी आणि तू ती या पार्टीकडून उचललीस, असा त्या माणसाचा दावा.

तू दोन दिवस जेवली नाहीस. वकील बघू, व्हिडिओ करून त्याला उघडा पाडू, ऐकणारे तुटून पडतील, असं काय काय बोलत होतीस. मी म्हटलं, "त्या माणसाचं घर दीड तासावर आहे. आधी जाऊन विचारू. चप्पल घाल."

एस.टी.नं गेलो. सुनील भालेराव पंचावन्नचा, जाडजूड, अंगणात ढोलकी उन्हाला ठेवून बसला होता. तू कोण हे कळल्यावर उठूनच उभा राहिला.

"सखारामदादांची नात? अगं ये, ये. जयभीम बाई. पोरी, तुझ्या आज्याचीच गाणी म्हणतोय मी हल्ली. काय गाणी हायेत!"

"ती माझी आहेत," तू म्हणालीस.

"तुझीच गं. आज्याचं ते नातीचं."

मला धीर धरवेना. "सुनीलराव, दादा गेले त्र्याण्णवला. तेव्हा टोलनाका होता का? फास्टॅग होता?"

तो जरा गडबडला, पण हटला नाही. "बाई, कडवी जोडतातच की आमच्यात. मी म्हटलं कुणीतरी मागनं जोडलं असंल. शेवटी नाव दादांचं हाय. आमच्यात ज्याचं नाव त्याचं गाणं. स्वतः लिहून दुसऱ्याचं नाव कोण घालतंय?"

"मी घातलं," तू म्हणालीस. आवाज चढला नव्हता. "कारण त्यांची गाणी सगळ्यांनी म्हटली आणि नाव कापलं."

सुनील खाली बसला. ढोलकी मांडीवर घेतली, पण वाजवली नाही.

"आमच्या बापानंबी कापलं," तो म्हणाला. "माझ्या देखत. दोन गाण्यांतलं. मी कोरसला होतो, चौदा-पंधराचा. दादा समोर बसलेले, पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवल्या त्यांनी. तुझी गाणी फोनवर आली, शेवटी सखाराम ऐकलं, आणि मी ठरवलं, या बारीला नाव कापायचं नाय. वर मोठ्या अक्षरात टाकायला लावलं."

मग तू हसायला लागलीस, इतकी की नाक पुसावं लागलं. "काका, तुम्ही कापलं असतं तर माझा चॅनल वाचला असता हो!"

"मग कापू का आता?" तो इतक्या भाबडेपणानं म्हणाला की मीही हसले.

व्हिडिओवाल्याला त्यानं आमच्यासमोर फोन लावला. तो पलीकडून नियम सांगायला लागला तेव्हा सुनील म्हणाला, "नियम तुझ्यापाशी ठेव. गाणं पोरीचं हाय, ती माझ्या दारात बसलीय. तक्रार काढ, नायतर पुढची जयंती दुसऱ्याकडनं शूट करून घेतो." पाचव्या दिवशी तिन्ही तक्रारी निघाल्या. तू भटारखान्यातल्या पोरांना ती बातमी आधी सांगितलीस आणि मला नंतर. माझ्या लक्षात आहे.

त्यानंतर तू एक गाणं केलंस, रात्रपाळीच्या नर्सचं. शेवटच्या कडव्यात पहिल्यांदा तुझं नाव आलं: सखारामाची नात जागृती. मात्रा दोन जास्त झाल्या. मी मोजल्या, आणि पहिल्यांदाच काही कळवलं नाही. ऐकणाऱ्यांनी विचारलं, म्हणजे गाण्यातला सखाराम तुझे आजोबा? तू पुढच्या लाइव्हला अर्धा तास आजोबांबद्दल बोललीस. नंदा मशीन बंद करून आत येऊन बसली होती आणि तिचा पदर पडद्यावर दिसत होता. आता गावोगावची बोलावणी येतात, महिन्याला आठ-दहा कार्यक्रम होतात, रिसॉर्ट सुटलं. नंदानं गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय की ब्लाउज उशिरा मिळेल, घाई असेल त्यांनी बाजारात जावं. तू खुशीत आहेस. मलाही बरं चाललंय.

राहिलं ते आपल्या दोघींचं काम. निघताना सुनील म्हणाला होता, "स्टेजवर फोनातलं दिसत नाय मला. तिन्ही गाणी मोठ्या अक्षरांत छापून द्या, खाली खरं नाव घालून. माझ्या वहीत चिकटवतो. वहीत असंल तेच मी बोलतो." तू छापून आणलंस आणि माझ्याकडे दिलंस, कारण मला दोन-तीन महिन्यांनी खालापूरला भाचीकडे जायचं असतं. पहिल्यांदा गेले तेव्हा कागद घरी राहिला. दुसऱ्यांदा नेला, तर सुनील पेणला कार्यक्रमाला गेलेला, आणि शेजाऱ्याकडे द्यायचा माझा विचार तू फोनवर हाणून पाडलास. "नको बाई, हातातच द्यायचा. मी येते बरोबर." मग तुझे कार्यक्रम, मग माझा गुडघा.

मध्यंतरी त्याच्या पार्टीच्या जयंतीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तूच मला पाठवलास. काकडीचं गाणं संपल्यावर तो पेटीवरून मान वर करून छाती भरून सांगतो: "हे गीत लिहिलंय सखारामदादांच्या नातीनं, भाग्यश्रीनं!" लोक टाळ्या वाजवतात.

मी तुला लगेच फोन केला. तू म्हणालीस, "नात म्हणाला ना? बस की. जाऊ सावकाश."

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी दाराच्या खुंटीला अडकवलाय, बाहेर पडताना दिसावा म्हणून. आज सकाळी मी पिशवी बाजूला सरकवली, मागची छत्री घेतली आणि बाजारात गेले.